थोडं लेफ्ट, ताई!

रविवारी गाडी घेऊन ऑटोमॅटिक कार वॉशला गेले. जमिनीवरच्या दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये चाकं आणायची, एवढंच काम! समोरचा मुलगा हात हलवतोय, ‘थोडं लेफ्ट… आता सरळ…’ आणि मी बघतेय साइड मिररमध्ये. टायर घासलाच!

‘आरशात नको ताई, माझ्या हाताकडे बघा,’ तो हसून म्हणाला. गाडी मधोमध नसली, की एका बाजूला ब्रश जास्त दाबतो, दुसऱ्या बाजूची धूळ तशीच राहते.

मग आरसे मिटले, काचा वर, हँडब्रेक ओढला. काचेवर फेस पसरला आणि एकदम क्लिक झालं: माझ्यासारख्या कच्च्या ड्रायव्हरच्या बंपरसमोर हा दिवसभर उभा असतो, तोही आपल्या ब्रेकच्या भरवशावर! तेव्हा मोबाइल खाली, पाय ब्रेकवर. त्याच्या हाताकडे बघाल ना?