औताचा घसारा धरता, पाठीचा का नाही?



शेतीमालाचा उत्पादन खर्च काढताना कृषिमूल्य आयोग बियाणे मांडतो, खत-औषध मांडतो, मजुरी आणि बैलांचा खर्च मांडतो. औजारांचा घसाराही मांडतो. लोखंडाचा फाळ मातीत झिजतो, हे दिल्लीला मान्य आहे. घरच्या माणसांच्या श्रमाची मजुरीसुद्धा हिशेबात धरली जाते. पण ते श्रम करणारी पाठ, गुडघा, खांदा झिजतो. त्याची दुरुस्ती करावी लागते. दुरुस्तीला पैसा लागतो आणि कामाचे दिवस बुडतात. यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही. बैठकीत या रिकाम्या रकान्यावर बोलणे व्हावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहोत.

हे दुखणे येते कोठून? कापूस वेचणारी बाई कमरेला ओटी बांधून दिवसभर अर्धी वाकलेली असते. रब्बीची ज्वारी उपटणारा प्रत्येक हिसक्याला कंबर पणाला लावतो. पाठीवरचा सोळा लिटरचा पंप भरला की वजन वीस किलोच्या घरात जाते, आणि तो घेऊन ढेकळांतून चालायचे असते. हिशेब साधा तरफेचा आहे. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटीमीटरवरून ओढ घेतात. दहा किलोचे ओझे हात लांब करून पन्नास सेंटीमीटरवर उचलले, तर त्या स्नायूंना सुमारे शंभर किलोची ओढ घ्यावी लागते. वाकलेल्या धडाचे वजन आणखी वेगळे. तेच ओझे पोटाशी धरले तर ओढ निम्म्याहून खाली येते. यात नशिबाचा किंवा वयाचा भाग थोडा, कामाच्या पद्धतीचा आणि औजाराचा मोठा.

दुखले की आपण काय करतो? सुगी असेल तर दुखणे अंगावर काढतो. अगदीच उठवेना तेव्हा इंजेक्शन घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रानात जातो. वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने खातो. त्या पोटावर आणि मूत्रपिंडावर उठतात, हे कोणी सांगत नाही. पैसे असतील तर पट्टा विकत घेतो, यंत्राने शेक घेतो, वजन लावून कंबर ताणून घेतो. दुखणे राहते, उधारी वाढते.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शिका काढली. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असे तिच्यात नोंदले आहे. दुसरा काही आजार नसलेल्या जुनाट कंबरदुखीत कंबरपट्टा, वजन लावून ताणणे, विजेच्या लहरींचे यंत्र यांचा नेहमीचा उपचार म्हणून वापर करू नये, असे ती सांगते. उलट नेमून दिलेला व्यायाम आणि दुखण्याची नीट समजूत करून देणे, यांची शिफारस करते. म्हणजे ज्याचे बिल मोठे त्याचा उपयोग थोडा, आणि ज्याला फक्त शिकवणारा माणूस लागतो तेच आपल्यापर्यंत पोचत नाही. नवी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत उतरते. अंथरुणाला खिळून राहिल्याने मात्र स्नायू दुबळे होतात आणि दुखणे लांबते. सोसेल तितके चालत राहावे. पण पायातली ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, किंवा पडल्यानंतर कंबर धरली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. ताप आणि वजन घटण्याबरोबर पाठ दुखत असेल तर मणक्याचा क्षय नाही ना, हे तपासून घ्यावे.

या विद्येला मराठीत दोन नावे आहेत. सांध्यांची हालचाल आणि स्नायूंची ताकद परत आणतो तो भौतिकोपचार. त्या ताकदीने माणसाला पुन्हा त्याच्या रोजच्या कामाला लावतो, जमेल तेथे कामाची रीत आणि औजार बदलून देतो, तो व्यवसायोपचार. ही विद्या महाराष्ट्राला परकी नाही. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमलाताई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली. देशातली ती पहिली. त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर म्हणजे फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था काढणारे. ज्वारी-करडईवाल्यांना त्या संस्थेची ओळख नव्याने करून द्यायला नको. १९५५ साली मुंबईत हाजी अलीला केंद्राची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था उभी राहिली. एकाच घरातून ज्वारीचे बियाणेही निघाले आणि हा उपचारही निघाला. बियाणे बांधापर्यंत आले. उपचार पंचाहत्तर वर्षांनीही शहराची वेस ओलांडून पुरता बाहेर पडलेला नाही.

कोणी म्हणेल, अंतर फार, वाहन नाही, म्हणून पोचत नसेल. तर कुंभिवलीकडे पाहा. कर्जत-खालापूरचा हा पट्टा मुंबईच्या उशाशी आहे. कर्जतहून थेट मुंबईची लोकल सुटते. इथे कापूस नाही, भात आहे. आषाढात चिखलात दिवसभर ओणवे राहून लावणी करणाऱ्या आदिवासी आणि कुणबी बायांची कंबर तुमच्या वेचणीवालीच्या कंबरेसारखीच धरते. उपचार एका फेरीत संपत नाही. आठवड्याला दोन-तीन खेपा आणि असे सहा-आठ आठवडे लागतात. प्रत्येक खेपेला एक रोज बुडतो, वर दोघांचे भाडे. लावणीच्या हंगामात हे कोणाला परवडणार? लोकलच्या टप्प्यातल्या गावाची ही गत, तर यवतमाळ-परभणीच्या आडगावांनी काय करायचे? अडचण रस्त्याची नाही. उपचार माणसाकडे जायचा की माणूस उपचाराकडे, याचा निर्णय शहराच्या सोयीने झाला आहे, ही खरी अडचण आहे.

अर्धांगवायूच्या रोग्याला हा उशीर फारच महाग पडतो. झटका आल्यानंतरचे पहिले तीन महिने सुधारणेला सर्वांत अनुकूल असतात. त्या काळात हातापायांना रोज सराव मिळाला तर पुष्कळजण पुन्हा चालू लागतात. आपल्याकडे तेच तीन महिने खाटेवर आणि अंगारे-धुपाऱ्यांत जातात. मग हात आखडतो, खांदा धरतो, आणि घरातले दुसरे माणूसही सेवेला अडकून पडते.

सरकारचे आपल्या अंगाकडे लक्ष नाही असे नाही. मळणीयंत्राने हात तोडू नये म्हणून १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत अपघाताने एक हात किंवा पाय गेला तर एक लाख, मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख रुपये आहेत. म्हणजे अवयव तुटला तर त्याला भाव आहे. तोच अवयव वीस वर्षे तीळतीळ निकामी होत गेला तर छदामही नाही. तुटल्यानंतरही पैसे देऊन विषय संपतो. नवा पाय बसवून, त्यावर चालायला शिकवून माणसाला पुन्हा रानात उभे कोण करणार? उकिडवे बसता यावे, अनवाणी आणि चिखलात चालता यावे, असा जयपूर फूट १९६८ सालापासून देशात आहे.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार गोष्टी मांडतो.

एक : उत्पादन खर्चात शेतकरी आणि शेतमजुराच्या शरीराचा घसारा धरावा. किती धरायचा यावर वाद घालू. धरायचा की नाही यावर वाद नको.

दोन : २०१०-११ साली सुरू झालेल्या केंद्राच्या वृद्ध आरोग्य कार्यक्रमात ग्रामीण रुग्णालयापर्यंत भौतिकोपचार पोचवण्याचे लिहिले आहे. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात ते पद आहे का, भरलेले आहे का, माणूस कोणत्या वारी बसतो, हे तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी लेखी विचारावे आणि उत्तर पुढच्या बैठकीत आणावे.

तीन : अपघात योजनेच्या रकमेबरोबर पुनर्वसनाचा उपचारही मिळावा.

चार : हे आपल्याच हातात आहे. कापसाची ओटी कमरेवर एकटी न टांगता तिचा भार दोन्ही खांद्यांवर घ्यावा आणि ती अर्धी भरली की रिकामी करावी. दातेरी वैभव विळा, उभ्याने चालवायचे सायकल कोळपे यांना घरात पैसा निघाला पाहिजे. पोत्याला दोन माणसे लावावीत. आणि वेचणी, निंदणी, वाकून करायचे काम बहुतेक बायाच करतात. तेव्हा औजार घेताना तिचा हात, तिची उंची पाहून घ्यावे.

बैल लंगडला तर आपण त्याला औताला जुंपत नाही. त्याला बसवतो, शेकतो, पायाची पत्री बदलतो, मगच शिवळ घालतो. घरच्या बाईची कंबर धरली तर मात्र तिला सकाळी वेचणीला जावेच लागते, कारण कापसाला मिळणाऱ्या भावात तिच्या विश्रांतीचा एक दिवसही बसत नाही. तो दिवस भावात बसवून घेणे हे आपले काम आहे.