स्मारक नाणी : संग्रह की गुंतवणूक?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखानदारी पट्ट्यात बोनस हाती येताच तो गुंतवावा कोठे, हा प्रश्न नोकरदारांपुढे उभा राहतो. त्यावर स्मारक नाणी घेण्याचा सल्लाही दिला जातो. तो पारखून घेणे अगत्याचे आहे.

स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ साली पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ निघाले. ते लक्षावधींच्या संख्येने पाडले गेले. साहजिकच त्याच्या साधारण प्रतीला आजही फारशी किंमत येत नाही. उलट, १९६९ च्या गांधी शताब्दीच्या दहा रुपयांच्या नाण्यात १२ ग्रॅम शुद्ध चांदी आहे. त्याचे मोल वाढले ते चांदीमुळे, स्मरणामुळे नव्हे. २०२३ चे संसद भवनाचे पंचाहत्तर रुपयांचे नाणे तर दर्शनी किमतीच्या कितीतरी पटीने विकले गेले. जुन्या नाण्यांचे लाखो रुपये मिळवून देतो, असे सांगून शुल्क उकळणाऱ्यांविषयी रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये इशारा दिला होता, हेही विसरता कामा नये.

मग संग्रह करूच नये काय? अवश्य करावा. १९९९ चे शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे वा २००७ चे लोकमान्यांचे पाच रुपयांचे नाणे विद्यार्थ्याने व्यवहारातूनच वेचून ठेवावे. राज्यसंस्था कोणाचे स्मरण कोणत्या काळी करते, हा इतिहासाचा धडा त्यातून दर्शनी किमतीतच मिळतो. बोनसची जागा मात्र बँकेच्या वा टपालाच्या खात्यातच आहे.