ज्यांना रंगमंचावर घर नाही

हिंदी चित्रपटांतून ख्रिस्ती माणसाचे जे चित्र रंगवले गेले, त्याविषयी आपल्या समाजात मोठा संताप आहे आणि तो अनाठायी नाही. ‘बॉबी’ (१९७३) मधला जॅक ब्रगांझा मद्यपी, ‘ज्युली’ (१९७५) मधला रेल्वेचे इंजिन चालविणारा पिताही बाटलीचा सोबती. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधला अँथनी नायक खरा. पण तोही दारूचा अड्डा चालवतो आणि अखेरीस कळते की तो जन्माने ख्रिस्ती नव्हेच, किशनलालचा हरवलेला मुलगा आहे! या मंडळींत वसईच्या वाडीत राबणारी आपली आजी नाही आणि नगरकडच्या खेड्यात आयुष्यभर मुलांना शिकवणारे मास्तरही नाहीत. याविषयी आपण वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत, पुढेही बोलावे.

परंतु वाचकहो, एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या चित्रपटांनी ज्युलीला निदान घर तरी दिले. तिला आई आहे, भावंडे आहेत, जेवणाचे टेबल आहे, त्या टेबलाभोवती भांडणे आहेत. चित्र एकांगी असेल. पण प्रेक्षक त्या घराचा उंबरा ओलांडून आत जातो. मी ज्या जिल्ह्यात राहतो तिथे, २०११ च्या जनगणनेनुसार, शंभरातली सुमारे एकोणसत्तर माणसे अनुसूचित जमातींची आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. या माणसांना मराठी रंगभूमीने आणि चित्रपटाने काय दिले? जंगल दिले, ढोल दिला, शेकोटीभोवतीचा फेर दिला. घर दिले नाही. आणि ज्याला घर नाही त्याच्याशी नाते जोडता येत नाही. त्याच्याकडे फक्त पाहता येते.

हा दोष फक्त आदिवासींच्या वाट्याला आला असे नव्हे. विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ (१९८३) घ्या. समाजवादी नाथ देवळालीकरांची कन्या ज्योती ही अरुण आठवले या दलित कवीशी विवाह करते आणि तो तिला मारहाण करतो. दलित तरुणाला असे हिंस्र का रंगवले, म्हणून त्या नाटकावर मोठा वाद झाला. त्या वादात एक साधी गोष्ट जेवढी बोलली जायला हवी होती तेवढी बोलली गेली नाही, असे मला वाटते. देवळालीकरांचे घर आपल्यासमोर उभे आहे. त्या घरात आई सेवा आहे, भाऊ जयप्रकाश आहे, प्रत्येकाचे मत आहे, प्रत्येकाची व्यथा आहे. अरुण मात्र एकटाच येतो. त्याचे आईबाप रंगमंचावर पाऊल ठेवीत नाहीत. सून घरात आली तेव्हा अरुणच्या आईला काय वाटले? मुलगा बायकोवर हात उगारतो हे कळल्यावर ती काय म्हणाली? नाटककाराला स्वतःचा विषय निवडण्याचा अधिकार आहे आणि देवळालीकरांचा भ्रमनिरास हा तेंडुलकरांचा विषय होता, हे मान्य. तरीही ज्या दोन कुटुंबांत सोयरीक झाली त्यांपैकी एकच कुटुंब दाखवायचे आणि दुसऱ्याच्या वतीने केवळ एक संतप्त तरुण पाठवायचा, हा तराजू समतोल नाही.

आदिवासींकडे वळू. डॉ. जब्बार पटेल यांचा ‘जैत रे जैत’ (१९७७) मला आवडतो, ना. धों. महानोरांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत कोणाला आवडणार नाही? ठाकर समाजाचा नाग्या आणि नवऱ्याला सोडून आलेली चिंधी ही जिवंत पात्रे आहेत. पण चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्याच्या मनात उरतो तो डोंगर, उरतात ती गाणी. गोविंद निहलानी यांच्या ‘आक्रोश’ (१९८०) मध्ये लहान्या भिकूला बायको आहे, म्हातारा बाप आहे, बहीण आहे. पण ते घर आपल्याला मुख्यतः वकील भास्कर कुलकर्णीच्या नजरेतून दिसते आणि त्यातली माणसे जवळजवळ मुकी आहेत. हे मौन म्हणजेच अन्यायाचा पुरावा, असे समीक्षक म्हणतील. म्हणोत. मी सातपुड्यात ज्या घरांतून जातो, तिथे मौन कधी अनुभवले नाही. पोलीस, तलाठी आणि परका पाहुणा यांच्यापुढे ही माणसे गप्प बसतात. ते उठून गेले की सगळे एकदम बोलू लागतात. कॅमेराही पाहुण्यांतच बसला होता, म्हणून त्याला मौन ऐकू आले. शिवाय नाग्या झाले मोहन आगाशे, चिंधी झाल्या स्मिता पाटील, लहान्या झाले ओम पुरी. थोर कलावंत, यात वाद नाही. तथापि गोऱ्या नटाने तोंडाला काळे फासून ऑथेल्लो करावा याची आज तिकडे लाज वाटते. इकडे तसा प्रश्नही कोणी विचारीत नाही.

अमेरिकेत लॉरेन हॅन्सबेरी या अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या कृष्णवर्णीय लेखिकेचे ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक १९५९ साली ब्रॉडवेवर आले. शिकागोतले एक कोंदट घर, वारलेल्या बापाच्या विम्याचे दहा हजार डॉलर, आणि त्या पैशांवरून आई, मुलगा, मुलगी यांच्यातला झगडा. मुलाला दारूचे दुकान काढायचे आहे, मुलीला डॉक्टर व्हायचे आहे, आईला घर हवे आहे. ती गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते तेव्हा त्या वस्तीचा एक सभ्य प्रतिनिधी येतो आणि तुम्ही येऊ नका, आम्ही पैसे देतो, असे अदबीने सांगतो. वर्णद्वेषावरची शंभर भाषणे जे करू शकली नसती ते त्या एका प्रसंगाने केले, कारण तोवर प्रेक्षक त्या घरातला झाला होता. आपल्याकडे नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) हेच केले. जब्याचे कैकाडी कुटुंब डुकरामागे धावत असते, शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. बाप, आई, बहिणी, सगळे. आपलेपणा कोणी कोणाला द्यायचा, हा प्रश्न तिथे एका घराला विचारलेला आहे.

मग नंदुरबारच्या घरांत नाटक नाही काय? देज किती द्यायची यावरून रात्रभर चाललेली बोलणी पाहा. मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीनंतर जोडपी गुजरातेत ऊसतोडीला जातात. म्हातारी घरी, मुले आश्रमशाळेत, आणि शिमग्याला एकत्र येते ते कुटुंब पूर्वीचेच असते असे नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली मणिबेलीची घरे गेली. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांच्या ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५) या माहितीपटाने तो लढा टिपून ठेवला. शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांनी ‘स्टेज’ या कवितेतून व्यासपीठ कोणाचे आणि दुःख कोणाचे, हा प्रश्न केव्हाच विचारला आहे. आमच्या भागातल्या सोंगाड्या पार्टीच्या खेळांत सासू, जावई, सावकार यांची टर उडते आणि ती स्वतःच्या बोलीत उडते. त्या खेळांना कोणी नाटक म्हणत नाही, एवढेच.

आता आपल्या अंगणात येऊ. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘आदिवासी नृत्य’ पाहिले. नाचणारी मुले पावरा. त्यांच्या अंगावरचा गणवेश उतरवून त्यांना झाडाच्या पानांचे घागरे नेसवले होते, जे त्यांच्या आजोबांनीही कधी नेसले नसतील. आणि तोंडी कुठल्याही भाषेत नसलेल्या आरोळ्या. काठीच्या राजवाडी होळीला कमरेला दुधी बांधून, अंगावर ठिपके रंगवून नाचणारा बावा पाळणी पाळून नाचतो. ते व्रत आहे. इथे त्याची नक्कल झाली आणि पाहुण्यांनी टाळ्या दिल्या. नाताळच्या नाटुकल्याची तऱ्हाही निराळी नसते. मरिया सर्वांत गोरी मुलगी, देवदूतांच्या गालांवर पावडरचे थर, मेंढपाळ मात्र पाड्यावरचे. आणि तीन राजांपैकी तिसरा काळा असतो म्हणून मुळात सावळ्या मुलाच्या तोंडाला काजळ! गालिलातल्या सुताराच्या घरातली ती आई पावडर लावीत असेल, असे मानायला शुभवर्तमानात काही आधार नाही.

यावर ठराविक उत्तर येते: पाहुण्यांना आवडते, पालकही हौसेने बघतात. पालक आपल्या लेकराला बघतात, पानांना नव्हे. दुसरे उत्तर असे की पावरी किंवा मावचीत नाटुकले बसवले तर प्रमुख पाहुण्यांना कळणार नाही. न कळो. पाहुणे वर्षातून एका संध्याकाळी दीड तास बसतात. त्या मंडपात जमिनीवर बसलेल्या आयांनी आजवर न कळणारी किती भाषणे ऐकली असतील, याचा हिशेब कोणी ठेवला आहे काय? पाहुण्यांसाठी मराठीत अर्ध्या पानाचा सारांश छापून खुर्चीवर ठेवता येईल. रंगमंचावर एक चूल, एक खाट आणि मोहाच्या फुलांची टोपली ठेवावी, बेथलेहेमचा गोठा म्हणून सातपुड्यातला गोठा उभारावा आणि योसेफाने मरियेशी त्याच बोलीत बोलावे, ज्या बोलीत त्या मुलाचा बाप त्याच्या आईशी बोलतो.