डोंगरावरचा नियम कचेरीत आणा

अलीकडे अनेक कंपन्या कर्मचाऱ्यांना दोन-तीन दिवस सह्याद्रीच्या कुशीत ‘आउटबाउंड’ शिबिराला धाडतात. या पद्धतीचे मूळ वेल्समधील ॲबरडोव्ही येथे १९४१ साली निघालेल्या ‘आउटवर्ड बाउंड’ शाळेत आहे. महायुद्धात जहाज बुडाल्यावर तग धरण्याचे बळ तरुण खलाशांच्या अंगी यावे, यासाठी शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाजव्यावसायिक लॉरेन्स होल्ट यांनी ती काढली. म्हणजे हे शिक्षण मुळात जीव वाचवण्याचे होते.

शिबिरात आपण काय शिकतो? चढणीवर सर्वांत हळू चालणारा पुढे राहतो आणि तुकडी त्याच्या चालीने चालते. कातळ चढण्यापूर्वी जोडीदार एकमेकांचा हार्नेस व दोराची गाठ तपासतात. धाप लागली की ‘थांबा’ म्हणण्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. सोमवारी कचेरीत मात्र तोच माणूस छातीत दडपण जाणवत असतानाही ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत बैठक पुरी करतो. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तपुरवठा तुटलेला स्नायू हळूहळू मरत असतो. तिथे हा संकोच जिवावर बेततो.

डोंगरावर थांबण्याची मुभा नेत्याने आरंभीच जाहीर केलेली असते. कचेरीत ती कोणी देत नाही. म्हणून शिबिराचा उत्साह ओसरण्यापूर्वी, परतल्यावर पहिल्याच आठवड्यात, तीन गोष्टी ठरवाव्यात.

एक, साप्ताहिक बैठकीच्या आरंभी प्रत्येकाने कामाचा भार पेलवतो आहे की नाही, हे एका वाक्यात सांगावे. सुरुवात वरिष्ठांनी स्वतःपासून करावी. दोन, कामाची मुदत ठरवताना ज्याच्यावर सर्वाधिक भार आहे, त्याला आधी विचारावे. तीन, प्रत्येकाला एक जोडीदार असावा. जोडीदाराला दरदरून घाम फुटला, धाप लागली, छातीत, जबड्यात वा हातात कळ आली, तर ‘काही नाही’ या त्याच्या उत्तरावर विसंबू नये. त्याला बसवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. त्याला जिना चढू देऊ नये, स्वतः वाहन चालवत रुग्णालयात जाऊ देऊ नये.

शिबिराहून परतलेल्या माणसाला घरची मंडळी ‘मजा आली का?’ असे हमखास विचारतात. ‘तिथला कोणता नियम उद्यापासून पाळणार?’ हेही त्याला आवर्जून विचारा, आणि महिन्याभराने पुन्हा एकदा विचारा.