शेजारघरची गव्हाण

मार्गशीर्ष-पौषाच्या सांध्यावर आमच्या महागांवास चांगलीच थंडी पडते. शेतांत कापसाची वेचणी चालू असते, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या असतात, आणि अंगणांत शेकोटी पेटल्याशिवाय घरांतील वडील मंडळी पांघरुणांतून बाहेर येत नाहींत. याच दिवसांत नाताळ येतो. आमच्यासारख्या कुटुंबांत या सणाचा संबंध पूर्वीं मुलांच्या सुटीपुरताच असे. आतां तसें राहिलेलें नाहीं. शहरांतून नातवंडें येतात तीं मस्तकावर लाल टोपी घेऊनच. घरांत दोन-तीन वर्षांचें मूल असतां या सणाचें काय करावें, हा प्रश्न आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं उद्भवत असेल. आमच्या घरीं तो गेल्या वर्षीं उद्भवला, आणि त्याचा निकाल आम्हां मोठ्यांपैकीं कोणींच लावला नाहीं. ती हकीकत या वेळीं सांगावी असें मनांत आहे.

आमचा नातू त्या वेळीं दोन वर्षें आठ महिन्यांचा होता. सूनबाई त्याला घेऊन पुण्याहून येण्यास निघाल्या, त्याच्या आदल्या दिवशीं त्यांनीं एका मोठ्या दुकानांत त्याला सांताक्लॉजचा वेष घेतलेल्या गृहस्थांच्या मांडीवर बसविलें. ती पांढरी दाढी पाहून मुलानें जो टाहो फोडला तो घरीं पोंचेपर्यंत थांबला नाहीं. यांत मुलाचा दोष मुळींच नाहीं. या वयांत सोंग कोणतें आणि खरें कोणतें हा भेद मुलास नीट उमगत नाहीं. ज्याचा चेहरा झांकलेला आहे अशा परक्या माणसाचें त्यास भय वाटतें, आणि तें वाटावें हेंच स्वाभाविक आहे. ज्यांच्या नांवावरून हें सोंग निघालें ते संत निकोलस हे चवथ्या शतकांतील, आजच्या तुर्कस्तानांतील मायरा येथील धर्माध्यक्ष. गरजवंतांस न कळत दान देणारे म्हणून त्यांची ख्याति आहे. त्यांच्या गुप्तदानाची दुकानदारीनें एवढी जाहिरात करावी, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा!

सूनबाईंनीं बरोबर प्लॅस्टिकचें एक झाड, कांचेचे मणी आणि दिव्यांची माळ आणली होती. आमच्या मातोश्रींनीं वयाची ऐशी ओलांडली आहे. त्या झाडाकडे पाहून म्हणाल्या, “आपल्या घरीं सण काय थोडे आहेत, म्हणून दुसऱ्यांचे उसने आणायचे?”

“आजी, बाळाची गंमत आहे हो ती; त्यांत धर्म कुठें आला?” सूनबाई म्हणाल्या.

दोघींचेंही म्हणणें आम्हांस अर्धेंच पटलें. सण उसना घेऊं नये हें खरें. पण दुसऱ्याच्या श्रद्धेची नुसती गंमत करणें हें तरी कितपत बरें? तूर्त आम्हीं एवढेंच केलें कीं मणी आणि माळ उचलून उंच फडताळांत ठेविली. त्या माळेस बटणासारखा चपटा सेल होता. असा सेल मुलानें गिळला व तो अन्ननलिकेंत अडकला, तर दोन तासांतच आंत भाजल्यासारखी जखम होऊं शकते. असें घडल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहतां रुग्णालय गांठावें, हें आमच्या वाचकांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें.

नाताळ हा केवळ विलायती सण होय, ही समजूतही एकदां तपासून पाहण्यासारखी आहे. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, आणि त्याचा मूळ अर्थ जन्म एवढाच आहे. गोव्यांत राहिलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्यांनीं येशूचें चरित्र सुमारें अकरा हजार मराठी ओव्यांत रचिलें. तें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापलें गेलें. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं मराठी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेस अभंग आणि कीर्तन यांची जोड दिली. त्यांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. आमच्या जिल्ह्यासही हा समाज नवखा नाहीं. १९५३ सालीं यवतमाळ येथें युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली, व १९८३ सालीं पुण्यास जाईपर्यंत ती तेथेंच होती. अर्थात् हा सण उसना आणण्याचें कारण नाहीं. तो शेजारीं आहेच. प्रश्न आहे तो आपण त्या शेजाऱ्याकडे कसे पाहतों हा.

येथें आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. आमच्या भिंतीस भिंत लागून एक सेवानिवृत्त परिचारिकाबाई राहतात. त्यांचें माहेर अहमदनगरचें, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरचें. घराणें चार पिढ्यांचें ख्रिस्ती. आमच्या मातोश्रींच्या दुखण्यांत त्या रात्ररात्र उशाशीं बसल्या आहेत. दिवाळीस आमच्याकडून त्यांना फराळाचें ताट जातें, आणि २५ डिसेंबरला त्यांच्याकडून विणलेल्या रुमालाखालीं ताट येतें. त्यांतही करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि लाडूच असतात. अकरा वर्षें हें ताट आम्हीं हंसतमुखानें घेतलें, आणि अकरा वर्षें त्यांतील जिन्नस दुसऱ्या दिवशीं कामवाल्या बाईंच्या डब्यांत गेले. तसें करा म्हणून कोणी सांगत नसे. तें आपोआप होत असे. जें आपोआप होतें त्याची लाजही वाटत नाहीं.

२४ तारखेच्या संध्याकाळीं बाईंनीं ओसरीवर गव्हाण मांडली. इटलींतील ग्रेच्चो या गांवीं असिसीच्या संत फ्रान्सिसांनीं १२२३ सालीं नाताळच्या रात्रीं अशीच गव्हाण मांडली होती. तेव्हांपासून ही चाल विशेष पसरली असें म्हणतात. बाईंची गव्हाण म्हणजे एक जुनी लांकडी पेटी, त्यांत ज्वारीचा कडबा, एक गाय, दोन मेंढ्या, आणि मध्यें मातीचें एवढेंसें बाळ. दिव्याच्या ज्योतीपासून कडबा दूर राहील याची काळजी त्यांनीं घेतली होती. आमचा नातू आपल्या आजोबांचें बोट धरून तेथें गेला. दुकानांतील रोषणाईपुढें रडलेलें हें मूल त्या पेटीपुढें उकिडवें बसलें व हळूच म्हणालें, “बाळ झोपलंय.”

त्याला कांहींही समजावून सांगावें लागलें नाहीं. रामनवमीचा पाळणा त्यानें पाहिला होता, गोकुळाष्टमीचा पाहिला होता. देव लहान असतो व त्याला झोंप येते, हें त्याच्या दृष्टीनें ठरलेलेंच होतें. थोडा वेळ पाहून तो एकाएकीं उठला, घरीं धांवत आला, आणि आपला लांकडी बैल ओढीत परत गेला. विदर्भाबाहेरील वाचकांसाठीं सांगतों: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं आमच्याकडे मुलांचा तान्हा पोळा भरतो व त्यांत मुलें असले लांकडी बैल मिरवितात. तो बैल त्यानें बाळाच्या अगदीं जवळ उभा केला. कशासाठीं, असें बाईंनीं विचारल्यावर म्हणाला, “बाळाला थंडी वाजते.” बाईंनीं पदर डोळ्यांस लावला.

मग त्यांनीं त्याच्या हातांत करंजी दिली. अर्धी त्यानें तेथेंच खाल्ली. उरलेली मुठींत घट्ट धरून तो घरीं आला व तडक मातोश्रींच्या पुढ्यांत उभा राहिला. “मोठी आजी, खा.”

माजघरांत आम्ही सारेच होतों. कोणी बोललें नाहीं. ज्या हातांनीं अकरा वर्षें तें ताट बाजूस सारलें, त्या हातांत ती चुरगळलेली करंजी होती, आणि समोर वर पाहणारे दोन डोळे होते. मातोश्रींनीं एकदां सूनबाईंकडे पाहिलें, एकदां देवघराकडे पाहिलें, आणि करंजी तोंडांत घातली. बराच वेळ त्या चघळीत होत्या. मग म्हणाल्या, “सारणांत खसखस भाजून घातली आहे. आपल्याकडे हल्लीं कोणी घालीत नाहीं.”

दुसऱ्या दिवशींचें ताट आमच्याच पंगतीस वाढलें गेलें. तें रिकामें परत करूं नये म्हणून मातोश्रींनीं त्यांत मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा भरविल्या. लक्ष्मीबाई टिळकांचें ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालें. तें आमच्या घरीं दोन पिढ्यांनीं वाचिलें आहे. ख्रिस्ती झालेल्या पतीच्या घरीं परत आल्यावरही त्या बाईंनीं आपलें सोंवळें कसें जपलें, आणि पुढें स्वतःच विचार करून तें कसें सोडलें, हें वाचून आम्हीं मान डोलाविली होती. पण पुस्तकास मान डोलावणें आणि शेजारचें ताट घरांत उघडणें यांत केवढें अंतर आहे, तें त्या दिवशीं कळलें.

तेव्हां लहान मूल असलेल्या घरीं नाताळ कसा साजरा करावा, याचें आमचें उत्तर थोडक्यांत असें: ओळखीचें एखादें ख्रिस्ती घर असेल तर मुलाचें बोट धरून तेथें जावें, नसेल तर करंजीचा घांस भरवितां भरवितां गोठ्यांत जन्मलेल्या बाळाची गोष्ट सांगावी. फार वेळ थांबूं नये, मुलाच्या झोंपेची वेळ मोडूं नये, आणि पांच खेळण्यांपेक्षां एकच द्यावें. शिवाय मुलाच्या हातून कांहीं देववावें. कारण घेणें त्याला आपसूक येतें, देणें पाहून शिकावें लागतें. निदान आमची तशी समजूत होती. आमच्या घरीं मात्र पाहून शिकले ते मोठेच.

प्लॅस्टिकचें झाड अजून माळ्यावर आहे. लांकडी बैल मात्र शेजारींच राहिला आहे. यंदा गव्हाण मांडतांना तो लागेल, म्हणून बाईंनीं तो पुसून जपून ठेविला आहे.