साडेबारा टक्क्यांची उसनवारी

जगाने भारताकडून काय घ्यावे, अशी चर्चा निघाली की आपले विद्वान योग आणि आयुर्वेद यांपलीकडे सहसा जात नाहीत. द्रोणागिरी त्यांना आठवते ती रामायणातली. उरण तालुक्यातली नव्हे.

नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी सरकारने घेतल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी उभे राहिले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला देण्याचे धोरण आले. शहरामुळे जमिनीचे मोल वाढते, तर त्या वाढीत शेतकऱ्याचाही हिस्सा असतो, हे त्यामागचे तत्त्व. शहरे पसरवणाऱ्या कोणत्याही देशाने ते खुशाल घ्यावे.

मात्र आपला व्यवहार घेऊ नये. सार्वजनिक सुविधांची कपात होऊन हाती पावणेनऊ टक्केच उरतात. द्रोणागिरीत अनेकांना भूखंडासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले. आणि भाषा? पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्या पंक्तीत आपण ‘प्रकल्पग्रस्त’ बसवला. जो भागीदार, त्याला आपत्तीत सापडलेल्याचे नाव! हा शब्द असेतो हक्काचा भूखंड मदतीसारखाच वाटला जाणार.

मारुतीला औषधी ओळखता आली नाही, म्हणून त्याने अख्खा पर्वत उचलला. उसनवारी करणाऱ्यांनीही नुसती टक्केवारी खुडून नेऊ नये. ती ज्या लढ्यात उगवली, तोही समजून घ्यावा.