कॅम्पिंग म्हणे!

हल्ली जो तो उठतो आणि बायकापोरांना गाडीत घालून जैसलमेरला तंबूत राहायला जातो. जाऊ देत. पण फॅमिली कॅम्पिंग ही काय नवी चीज आहे हो? महाबळेश्वरला पाऊस ५००० मिलिमीटरच्या वर, त्याच सातारा जिल्ह्यात माणला जेमतेम ५००. शेजारच्या सांगलीतल्या आटपाडीची तीच रड. म्हणून इथले मेंढपाळ दिवाळीनंतर घोड्यावर बिऱ्हाड लादून, पोराबाळांसकट चाऱ्यामागे चालत निघतात, ते पावसाळ्यातच परततात. वाटेत शेतात मेंढ्या बसवून खत देतात, बदल्यात धान्य घेतात. आणि 'बनगरवाडी' (१९५५) वाचून गहिवरणारे आपण? हायवेवर कळप दिसला की हॉर्नवर हात! दोन मिनिटं थांबा की राव. रस्ता त्यांचाही आहे, आणि त्यांचा मुक्काम हौसेचा नाही.